हार्टच्या मजल्यावरची शहाळी

मिरजेत आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. बिस्किटं नेतात, मोसंबी नेतात, पण खरा मान शहाळ्याचा. हा रिवाज कुणी घातला ते सांगता येणार नाही, मात्र मल्लाप्पा हुक्केरींचा संसार त्यावरच उभा राहिला. मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकाला लागून त्यांची हातगाडी होती. तिच्यावर कर्नाटकातून ट्रकनं येणाऱ्या शहाळ्यांचा हिरवा ढीग, ढिगात खोचलेला कोयता, आणि मागे स्वतः मल्लाप्पा, पांढऱ्या मिशांचे, खणखणीत आवाजाचे. शहाळं नुसतं हातात घेऊन हलवलं की पाणी किती, मलई किती, हे ते सांगत आणि सहसा चुकत नसत. आत डॉक्टर औषध देतात, बाहेर आपण पाणी देतो, तेव्हा पेशंट बरा होतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान पोटात ठेवायची वस्तू आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता, म्हणजे २०३९ साली, या अभिमानाला दुसरं कारणही मिळालं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी विद्याश्री सांगलीला इंजिनिअरिंग शिकली, मग बंगळुरूला वैद्यकीय यंत्रं बनवायला शिकली आणि सगळे परदेशाची वाट धरत असताना उलट्या पावली मिरजेला आली. स्टेशन रोडवर एक बंद पडलेलं वर्कशॉप तिनं भाड्यानं घेतलं आणि चार वर्षांत आपलं यंत्र उभं केलं. त्या दिवसापासून मल्लाप्पांच्या गाडीवर शहाळं घ्यायला आलेला माणूस शहाळ्याबरोबर विद्याश्रीची सगळी हकिकत घेऊनच परत जाऊ लागला. त्यांची बायको कस्तुरी म्हणायची, गिऱ्हाईक बिचारं नळी मागतं आणि हे त्याला पोरीची हुशारी देतात.

यंत्र होतं एवढंसं, रुपयाच्या नाण्याएवढं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, छातीवर चिकटवायचं. विद्याश्रीनं त्याला मोठं शास्त्रीय नाव ठेवलं होतं, पण पहिल्याच पेशंटच्या आईनं त्याला 'टिकली' म्हटलं आणि तेच नाव सरकारी कागदांत जाऊन बसलं. टिकलीत एक बारीक दिवा होता. सगळं ठीक असेल तर हिरवा, बिघडू लागलं की पिवळा, आणि जिवावर बेतलं की लाल.

टिकली काय करते हे समजायला आधी हृदय कसं ठोके देतं ते समजायला हवं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या पेशींतून क्षार आत-बाहेर करतात आणि त्यातून वीज उमटते. त्या क्षारांतला एक मोठा मानकरी म्हणजे पोटॅशियम. ते केळ्यात असतं, बटाट्यात असतं, डाळीत असतं आणि शहाळ्याच्या पाण्यात तर चांगलंच असतं. निरोगी शरीराला ते लागतंही. गरजेपेक्षा जास्त झालं की किडन्या ते लघवीवाटे बाहेर टाकतात. किडन्या दमल्या की पोटॅशियम रक्तात साचतं, हृदयाची वीज बिघडते, ठोके मंदावतात, आणि कधी कधी माणूस बोलता बोलता जातो. किडनीच्या आजारात पुष्कळ माणसं किडनीनं मरत नाहीत, हृदयानं मरतात. हृदयाच्या आलेखात ठोक्यानंतर एक छोटी टेकडी उमटते. पोटॅशियम चढू लागलं की ती टेकडी टोकदार होते. टिकली दिवसरात्र ती टेकडी बघत बसायची आणि सुई न टोचता रक्तातलं पोटॅशियम सांगायची. शिवाय ते किती वेगानं चढतं-उतरतं यावरून त्या माणसाची किडनी किती काम करते, तेही सांगायची.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे किडनीच्या मजल्यावर, टिकली लागली आणि तिथली अचानक होणारी मरणं थांबल्यात जमा झाली. मल्लाप्पांची छाती फुगली. पण त्याच दिवसांत विद्याश्रीनं त्यांना गाडीशी येऊन स्पष्ट सांगितलं की किडनीच्या पेशंटला शहाळं म्हणजे विष आहे, एकालाही देऊ नका. मल्लाप्पांना आधी पटेना. पाणी कधी विष होतं का, म्हणून ते दोन दिवस घुम्यासारखे वागले. पण सांगणारी विद्या होती. तिसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मजला विचारू लागले. तिसरा म्हटलं की कोयता खाली. एका कारखान्याच्या चेअरमननं डझनभर शहाळी मागितली, तर त्यालाही त्यांनी हात जोडून परत पाठवलं. कमाई घटली, पण पोरीचा शब्द आपल्या गाडीवर चालतो याचं समाधान त्यांना जास्त होतं.

दुसऱ्या मजल्यावर हृदयाचे पेशंट होते. त्यांच्या नातेवाइकांना मल्लाप्पा मोठ्या मनानं शहाळी देत, चांगली निवडून देत. हार्ट वेगळं, किडनी वेगळी, मजला वेगळा, डॉक्टर वेगळे. एवढं त्यांना कळत होतं.

पुढे विद्याश्रीच्या डोक्यात आलं की टिकली हृदयाच्या मजल्यावरही लावावी. तिचं म्हणणं असं की ही दोन्ही इंद्रियं एका घरातल्या दोन भावंडांसारखी आहेत, एकानं अंथरूण धरलं की दुसऱ्याच्या अंगावर सगळं काम पडतं. किडनी पाणी बाहेर टाकेनाशी झाली की रक्तदाब वाढतो, हृदयाच्या भिंती जाड होतात, रक्तवाहिन्यांत चुना साचून त्या ताठरतात. उलट हृदय दुबळं झालं की किडनीला पुरेसं रक्त पोचत नाही आणि ती आवाज न करता सुकत जाते. ते कळत कसं नाही? तर किडनीची नेहमीची रक्ततपासणी ज्या पदार्थावर चालते तो तयार होतो स्नायूंतून. हृदयाच्या जुन्या पेशंटचे स्नायू आधीच झडलेले असतात. तो पदार्थच कमी तयार होतो, म्हणून निम्मी किडनी गेली तरी रिपोर्ट ठीकच दिसतो. त्यात हृदयाची काही औषधं पोटॅशियम धरून ठेवतात. दुसऱ्या मजल्यावर असे किती तरी पेशंट असतील, ज्यांची किडनी बुडत चालली आहे आणि कुणालाच खबर नाही, असं विद्याश्री म्हणत होती.

हृदयविभागाचे प्रमुख डॉ. हेमंत रुईकर यांना हे पटत नव्हतं. माणूस कडक, पण अप्रामाणिक नव्हे. किडनीच्या पेशंटवर शिकलेलं यंत्र माझ्या पेशंटवर चालेलच असं नाही, असं त्यांचं मत होतं. शेवटी आरोग्य खात्यानं चाचणीला परवानगी दिली. चाचणी पास झाली तर राज्यातल्या प्रत्येक हृदयविभागात टिकली जाणार होती. नापास झाली तर ती तिसऱ्या मजल्यापुरती राहणार होती, आणि विद्याश्रीचं वर्कशॉप पुन्हा बंद पडायला वेळ लागणार नव्हता.

चाचणीच्या उद्घाटनाला मुंबईहून आरोग्य खात्याच्या डॉ. शर्वरी मोहोळकर येणार होत्या, निर्णय त्यांच्या हातात होता. घरच्यांना निमंत्रण होतं. मल्लाप्पांनी ठेवणीतला कोट काढला, टोपी झटकली, पण आधी फाटकावर गेलेच. आजच्या दिवशी गाडी बंद ठेवणं त्यांना अशुभ वाटलं. सकाळच्या भेटीच्या वेळेला दुसऱ्या मजल्याचे नातेवाईक येऊ लागले तसे मल्लाप्पांना राहवेना. माझ्या पोरीचं यंत्र आज तुमच्या माणसाला लागतंय, आज शहाळ्याचे पैसे द्यायचे नाहीत, असं म्हणून त्यांनी वाटायला सुरुवात केली. प्रत्येकाला दोन, त्यातलं एक पाण्याचं, एक मलईचं. मलई स्वतः खरवडून पेल्यात भरून दिली. तिसरा मजला म्हणणाऱ्यांना मात्र नमस्कार करून वाटेला लावलं, इतके ते शब्दाचे पक्के.

त्यांच्या दोस्ताला, गुलाब तांबोळीला, त्यांनी सगळ्यांत मोठी शहाळी पाठवली. गुलाबचाचांनी जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं होतं. आता हृदय इतकं दुबळं झालं होतं की जिना चढता येत नव्हता. त्यांचा जावई शहाळी घेऊन वर गेला. वॉर्डात बाहेरचं खाणं न्यायला बंदी होतीच, म्हणून सगळ्यांनीच पाणी बाटल्यांत भरून, पदराआड, पिशवीआड नेलं. शहाळं म्हणजे खाणं थोडंच आहे, असं प्रत्येकाच्या मनात.

समारंभ दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये झाला, आणि शेजारच्या काचेपलीकडे वॉर्ड दिसत होता. पेशंटच्या छातीवर टिकल्या लागलेल्या होत्या, सगळ्या हिरव्या. भाषणं झाली. विद्याश्री बोलायला उभी राहिली तेव्हा मल्लाप्पांना ती काय बोलते ते अर्धंच कळलं, पण एवढ्या मोठ्या माणसांपुढे ती कुठे अडखळली नाही हे त्यांनी पाहिलं आणि कस्तुरीला कोपरानं ढोसलं. कस्तुरीच्याही डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तिनं ढोसणं खपवून घेतलं.

चहा फिरत असताना काचेपलीकडे एक टिकली पिवळी झाली. मग दुसरी. मग एका रांगेतल्या तीन. नर्सच्या हातातले फोन वाजू लागले. पाहता पाहता निम्मा वॉर्ड पिवळा झाला आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एक लाल दिवा लागला. ती खाट गुलाबचाचांची होती.

रुईकरांनी धावत जाऊन दोन-तीन पेशंट पाहिले. माणसं शुद्धीवर होती, बोलत होती, कुणाला थोडं गरगरत होतं इतकंच. सकाळचे रक्ताचे रिपोर्ट सगळे ठीक होते. त्यांनी रक्त पुन्हा तपासायला पाठवलं, पण त्याचा निकाल यायला वेळ होता. ते विद्याश्रीकडे वळून म्हणाले की एकाच वेळी निम्म्या वॉर्डाचं पोटॅशियम चढणं शक्य नाही, हे यंत्रच बहकलं आहे. पोटॅशियम चढलेलं नसताना त्यावरचं औषध टोचलं तर उलट धोका होईल, म्हणून कारण कळल्याशिवाय आपण सुई लावणार नाही. डॉ. मोहोळकरांनी चहाचा कप खाली ठेवला.

विद्याश्रीचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. टेकड्या खऱ्या आहेत, ती म्हणाली, पोटॅशियम कुठून तरी आत गेलं आहे. तिनं खाटेखाटेला जाऊन नातेवाइकांना विचारलं, सकाळपासून काय काय दिलंत. सगळ्यांनी माना हलवल्या. हॉस्पिटलचंच, दुसरं काही नाही. डॉक्टर रागावतील, माणसाला घरी पाठवतील, या भीतीनं कुणी तोंड उघडेना. गुलाबचाचांच्या जावयानं तर शपथ घेतली.

काचेशी उभे असलेले मल्लाप्पा हे ऐकत होते. पोटॅशियम हा शब्द त्यांना परका नव्हता. विद्यानं गाडीशी उभं राहून किडनीवाल्यांसाठी सांगितलेला तोच शब्द.  गप्प राहिलं तर यंत्र खोटं ठरणार होतं, पोरीचं नाव जाणार होतं, आणि तो गुलाब तिथे मरणार होता. बोललं तर सगळ्या वॉर्डाला विष घालणारा म्हणून आपण उभे राहणार होतो, तिच्याच समारंभात, ठेवणीतल्या कोटात. विचार करायला फार वेळ लागला नाही. ते काचेचं दार ढकलून आत गेले.

"मी दिली," ते म्हणाले. "शहाळी. फाटकावर. ह्या मजल्याच्या समद्यास्नी."

रुईकरांनी वळून पाहिलं आणि हे कोण म्हणून विचारलं. मल्लाप्पांना वाटलं, शहाळीवाला म्हणून सांगावं, म्हणजे तिचं नाव मध्ये येणार नाही. ते तोंड उघडणार इतक्यात विद्याश्री त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"माझे वडील," ती म्हणाली.

एवढ्या माणसांत, मुंबईच्या बाईंसमोर, तिनं ते सरळ आवाजात सांगितलं आणि त्यांच्या बाहीला धरून राहिली. रुईकरांनी लगेच विचारलं, प्रत्येकाला किती? मल्लाप्पांच्या डोळ्यांपुढे तो पेल्यातल्या मलईचा ढीग आला. तोंडातून निघालं, "एकेक."

मग सगळं वेगानं झालं. कारण कळलं होतं, रुईकरांनी क्षणही दवडला नाही. आधी गुलाबचाचांना कॅल्शियम टोचलं, त्यानं हृदयाची वीज सावरते. मग साखरेबरोबर इन्सुलिन, त्यानं पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकललं जातं. चाचांचे ठोके इतके मंदावले होते की नर्स हातानं नाडी धरून होती. थोड्या वेळानं लाल दिवा पिवळा झाला. बाकीच्या खाटा एकेक करून सावरल्या. संध्याकाळपर्यंत कुणाच्याही जिवाला धोका उरला नाही, आणि रक्ताचे निकाल आले ते टिकलीनं सांगितलेल्या आकड्यांना चिकटून होते. रुईकरांनी स्वतः येऊन विद्याश्रीला सांगितलं की पोटॅशियमबद्दल आपली चूक झाली.

त्या संध्याकाळी घरी कुणी जेवलं नाही. विद्याश्री बापाला एवढंच म्हणाली की चूक तिचीही आहे, तिनं फक्त तिसरा मजला सांगितला, दुसरा सांगायचं तिच्याही डोक्यात आलं नाही. मल्लाप्पांनी मान हलवली. त्यांना दुसरंच काही बोचत होतं, पण ते त्यांनी कस्तुरीलाही सांगितलं नाही. तिनं पहिल्यांदाच त्यांची थट्टा केली नाही, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाजूला बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये बैठक झाली. मल्लाप्पांना जबाबासाठी बोलावलं होतं, ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. डॉ. मोहोळकरांनी आधी कडू प्रश्न विचारून टाकला. यंत्र बनवणारीचे वडील, चाचणीचा दिवस आणि निम्मा वॉर्ड आजारी. उद्या लोक म्हणतील, यंत्र चमकावं म्हणून हे ठरवून केलं. विद्याश्री म्हणाली की लोकांनी म्हटलं तरी अहवालात तिच्या वडिलांचं नाव पूर्ण जायला हवं, नातंही जायला हवं. ते लपवलं तर उद्या टिकलीच्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये. मोहोळकरांनी ते लिहून घेतलं. मल्लाप्पा स्टुलावर ताठ बसले. घाबरलेले होते, तरी आतून त्यांना भरून आलं.

मग रुईकरांनी भिंतीवरच्या पडद्यावर आकडे लावले. त्यांचा मुद्दा साधा होता. पोटात किती पोटॅशियम गेलं आणि रक्तात किती साचलं हे ठाऊक असलं की किडनी किती काम करते ते काढता येतं. टिकली म्हणते, या पेशंटांच्या किडन्या साधारण निम्म्या चालतात. पण एकाच शहाळ्यानं एवढं पोटॅशियम साचायचं तर किडन्या चौथाईच उरलेल्या असायला हव्यात. इतक्या गेलेल्या किडन्या लपत नाहीत, असे पेशंट माझ्या नजरेतून सुटले नसते. पक्की तपासणी करायची तर रंगद्रव्य टोचून ते लघवीवाटे किती वेगानं जातं ते मोजावं लागतं, आणि या नाजूक माणसांना ती इतक्यात झेपणार नाही. म्हणजे आज हाती एवढंच आहे की टिकलीचा एक आकडा बरोबर आणि दुसरा चूक. मोहोळकर म्हणाल्या, अशा यंत्राला हृदयविभागासाठी परवानगी देणं त्यांना अवघड आहे.

विद्याश्री पडद्यापुढे उभी होती. तिनं औषधांचे डोस पुन्हा पाहिले, वजनं पाहिली, वेळा पाहिल्या. प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, आणि ते टिकलीशी जुळत नव्हतं. लहानपणी गणित अडलं की ती ओठ चावायची, तसा तिनं ओठ चावला. मल्लाप्पांनी हे पाहिलं. गणित त्यांना येत नव्हतं, पण ते कुठे अडलं आहे हे त्या सगळ्या खोलीत त्यांनाच ठाऊक होतं. काल सांगितलं तेव्हा मरण समोर होतं, आज निव्वळ आकडा. आजही गप्प बसलं तर कुणी मरणार नव्हतं. आपलं पाप अर्धंच उघडं राहणार होतं, फक्त पोर खोटी ठरणार होती.

ते उठून उभे राहिले. टोपी हातात घेतली.

"बाई, एकेक न्हाई," ते म्हणाले. "दोन दोन दिलती."

 मोहोळकरांच्या कपाळावर आठी चढली. रुईकर काही बोलणार होते, पण विद्याश्रीनं हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं बापाकडे पाहिलं ते रागानं नाही आणि मायेनंही नाही. वर्कशॉपमध्ये ती तिच्या माणसांकडे काम करताना पाहायची तशी.

"मलई होती का, अप्पा?"

"व्हती. एकाला पाण्याचं, एकाला मलईचं... म्हंजे परत्येकाला एक पाण्याचं, एक मलईचं. मीच खरवडून दिली."

"खाल्ली त्यांनी?"

"गुलाबनं तर पेला चाटून पुसून परत धाडला."

विद्याश्री पडद्याकडे वळली. तिनं एक खोडलं, दोन लिहिलं, मलई वेगळी धरली. आकडे सरकले आणि थांबले. गुलाब तांबोळी, किडनी निम्मी. पुढची खाट, निम्म्याहून थोडी जास्त. त्याच्या पुढची, निम्मी. टिकलीनं सांगितलं होतं तेच. रुईकर उठून पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून एकेक ओळ वाचली. आपल्या मजल्यावरच्या निम्म्या माणसांच्या किडन्या अर्ध्या गेल्या आहेत आणि आपल्याला कुणालाच ते ठाऊक नव्हतं, हे त्यांना त्या ओळींत दिसत होतं. ते परत येऊन बसले आणि मोहोळकरांना म्हणाले की टिकली त्यांच्या मजल्यावर राहील, आणि आज संध्याकाळपासून सगळ्यांची औषधं ते नव्यानं ठरवतील. पोटॅशियम धरून ठेवणारं औषध गुलाबचाचांना यापुढे मिळणार नव्हतं. ते सहा महिने असंच चाललं असतं, रुईकर म्हणाले, तर चाचा माझ्याच औषधानं गेले असते.

मोहोळकरांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मग पेन मिटत त्यांनी मल्लाप्पांकडे पाहिलं. आवाज आता कडक नव्हता, पण प्रश्न त्यांना विचारायचाच होता.

"काल एक का सांगितलंत?"

मल्लाप्पांनी टोपी हातात फिरवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांनी नजर खाली घातली नाही.

"काल पोरीनं तुमा समद्यांफुडं मला बाप म्हटलं. येवढ्या मोठ्या मान्सांत. त्या वक्ताला तोंडातनं दोन निघालं न्हाई, बाई."

 विद्याश्रीनं डोळे पुसले, टेबलाशी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर हात ठेवला.

"अप्पा, इथं येऊन बसा," ती म्हणाली. "अजून पुष्कळ विचारायचंय तुम्हाला."